ऑर्डर घेताना तुम्ही काय विचारता?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वडिलांनी सुरू केलेला फोटो स्टुडिओ मी चालवतो. वय ३४. गेली १२ वर्षं लग्नाच्या ऑर्डरी घेतोय. हळद आणि लग्न असे दोन दिवस, फोटो, व्हिडिओ आणि अल्बम धरून ४५,००० रुपये घेतो. दोन वर्षांपूर्वी सीझनला ३६ ऑर्डरी होत्या, यंदा २२ झाल्या. नवीन मुलं तेच काम ३५,००० मध्ये करतात. दोन पार्ट्यांकडे मिळून ४०,००० रुपये अडकलेत, त्यांचे अल्बमही व्हायचे राहिलेत. मावसभाऊ तोंडावर म्हणाला, "दादा, तुझ्या फोटोत जान नाही." नवीन कॅमेरा, लेन्स आणि ड्रोनसाठी चार लाखांचं कर्ज काढू की रेट खाली आणू? बायको म्हणते, दुकान बंद करा आणि पुण्यात नोकरी बघा. एका ऑर्डरचा खर्च सोबत लिहून पाठवतोय.

उत्तर:

तुम्ही खर्चाचा कागद जोडलात हे फार चांगलं केलंत. आधी तोच कागद पुन्हा समोर घेऊ, कारण तुमच्या तीन प्रश्नांपैकी दोन त्यावरच सुटतात.

जोडीच्या फोटोग्राफरचे दोन दिवसांचे ७,०००, व्हिडिओवाल्याचे ८,०००, व्हिडिओ मिक्सिंग ६,०००, अल्बम ९,०००, पेट्रोल-पेनड्राइव्ह वगैरे २,०००. झाले ३२,०००. म्हणजे ४५ हजारांच्या ऑर्डरीत तुमच्या हातात १३,००० राहतात. २२ ऑर्डरींचे झाले २ लाख ८६ हजार. त्यातून दुकानाचं वर्षाचं ७२,००० भाडं वजा करा. कॅमेरा कधीतरी बदलावा लागणारच, त्यासाठी वर्षाला ३०,००० बाजूला काढा. उरले १ लाख ८४ हजार, महिन्याला साधारण १५,०००.

आता रेट ३५ हजारांवर आणून बघा. खर्च तोच, मग ऑर्डरीमागे उरतात ३,०००. आजच्याइतकेच पैसे सुटायला तुम्हाला ९५ ऑर्डरी कराव्या लागतील. चातुर्मास सोडून, पंचांगात असतील तेवढ्याच तिथींवर, एका माणसाला ९५ लग्नं करता येत नाहीत. रेट पाडण्याचा विचार इथेच सोडून द्या. ती मुलं ३५ हजारांत कशी करतात, याचं उत्तर बहुधा असं की त्यांना दुकानाचं भाडं नाही, मिक्सिंग ती रात्री जागून घरीच करतात आणि स्वतःच्या दिवसाचे पैसे अजून धरत नाहीत. दोन-तीन वर्षांनी त्यांच्याही घरात हाच कागद निघेल.

कर्जाचंही तसंच. चार लाख रुपये १२ टक्क्यांनी तीन वर्षांत फेडायचे तर हप्ता येतो सुमारे १३,३०० रुपये. तुमची आजची महिन्याची कमाई १५,०००. आणि हप्ता चातुर्मासातही येतो.

पण मला याहून मोठा प्रश्न विचारायचा आहे. ज्या १४ ऑर्डरी गेल्या, त्यांतल्या किती घरांनी तुम्हाला कॅमेरा कोणता म्हणून विचारलं होतं? मी २६ वर्षं लग्नांचे फोटो काढले. त्यात कॅमेऱ्याचं नाव विचारणारी घरं मला आठवतात तेवढी एका हाताच्या बोटांवर मावतील. लोक मोबाइलवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघतात आणि त्यांना वाटतं, आपली पोरगीही अशी दिसावी. तुमचा कॅमेरा सहा वर्षांचा आहे असं तुम्ही लिहिलंय. सहा वर्षांपूर्वीचा फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा आजही लग्नाला पुरून उरतो. कर्ज न काढता चेहरे जरा लांबून टिपायला एखादी ८५ एमएमची वापरलेली लेन्स नीट तपासून घ्या, जमल्यास ५० एमएम १.८ जवळ ठेवा, आणि कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हींवर एकाच वेळी लिहायला लावा, म्हणजे एक बिघडलं तरी फोटो राहतात. ड्रोन विकत घेऊच नका. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. पार्टीने मागितला तर प्रमाणपत्र असलेल्या माणसाला त्या दिवसापुरता बोलवा आणि त्याचे पैसे वेगळे लावा.

मग मावसभाऊ जे बोलला त्याचं काय? त्याचं बोलणं मी मनावर घेतलं, कारण तुम्ही ते लपवलं नाहीत. तुम्ही पाठवलेले सहा लग्नांतले ६० फोटो मी दोनदा पाहिले. एकही आउट ऑफ फोकस नाही, एकही काळा पडलेला नाही. पण त्यांतले ४१ स्टेजवरचे आहेत, एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून. नवरा-नवरी मधे आणि दोन्ही बाजूंना आहेर घेऊन आलेले पाहुणे. १२ वर्षं तुम्ही त्याच जागी उभे आहात. तेवढ्या वेळात खाली पंगतीत वाढप चाललेलं असतं, करवली हरवलेली पर्स शोधत असते, मुलीचा धाकटा भाऊ मांडवामागे एकटाच जाऊन बसलेला असतो. यातलं काहीच तुमच्या फोटोंत नाही. कारण खाली काय बघायचं हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं आणि तुम्हीही विचारलेलं नसतं.

तुमचं दुकान आहे, त्यामुळे पुढची गोष्ट तुम्हाला ओळखीची असेल. घरात कुणी गेलं की दहाव्याच्या आधी फ्लेक्ससाठी फोटो घेऊन लोक येतात. तो फोटो बहुतेक वेळा कुठल्या तरी लग्नातलाच असतो. शेजारच्याचा खांदा कापायचा, मागची रोषणाई पुसायची आणि चेहरा तेवढा काढायचा. १९९८ च्या दिवाळीत एक जण त्याच्या आईसाठी माझ्याकडे आला. त्याच्या बहिणीचं लग्न त्याच मे महिन्यात मीच काढलं होतं. सगळ्या निगेटिव्ह मी दिव्यासमोर धरून पाहिल्या. आई सात फोटोंत सापडली. एकात ताट धरलेले हात आणि अर्धी पाठ, एकात पदराआडचा चेहरा, बाकी पाचांत कुणाच्या तरी मागे. दोन दिवस मी त्या घरी जेवलो होतो, त्या बाईंनी मला आग्रहानं वाढलं होतं, आणि त्यांचा एक सरळ फोटो माझ्याकडे नव्हता. शेवटी त्या मुलानं मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून नेला. त्याने मला दोष दिला नाही. मला मात्र आजही तो निगेटिव्हचा पट्टा आठवतो.

त्यानंतर मी ऑर्डर घेताना वही काढायला लागलो. १५ मिनिटं, जास्त नाही. तुम्ही लिहिलंय की पार्टी आली की तुम्ही पॅकेजचा कागद पुढे करता आणि अल्बमचे नमुने दाखवता. ते नंतर करा. आधी विचारा: घरात सगळ्यांत वयस्कर कोण? मुलीला मांडवात आणणारा मामा सख्खा का, आणि तो कुठून येणार? लांबून, सुट्टी काढून कोण येतंय? कन्यादान कुणाच्या हातून? वडील हयात नसतील तर हे मुलीसमोर न विचारता काकांना बाजूला घेऊन विचारायचं. कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, म्हणजे ग्रुप फोटोला नावं पुकारताना घोटाळा नको. आणि शेवटी मुलीला एकच प्रश्न: या लग्नात तुला कुणाचा फोटो हवाच आहे? मला मिळालेली उत्तरं ऐकलीत तर चकित व्हाल. एकीनं शाळेतल्या शिपाईमामांचं नाव घेतलं होतं.

ही वही हातात असली की मांडवात पोचताच तुमचे डोळे वेगळ्या तऱ्हेने फिरतात. वहीतल्या प्रत्येक वयस्कर माणसाचा एक सरळ, उजेडातला फोटो पहिल्या तासात उरकून टाका. दाराच्या चौकटीजवळ नाहीतर ओसरीच्या कडेला, उजेडाकडे तोंड करून बसवायचं, दोन मिनिटं गप्पा मारायच्या, मग क्लिक. आणि एक फोटो तर हमखास चुकतो. अनेक घरांत मंगलाष्टका चालू असताना मुलीची आई तिथे थांबत नाही, तुळशीला पाणी घालायला जाते. सगळे कॅमेरे स्टेजवर असतात आणि ती तिकडे तांब्या घेऊन एकटी उभी असते. त्या घरात ही रीत आहे का, ते आधी विचारून ठेवलं तर जोडीदाराला, म्हणजे जोडीच्या फोटोग्राफरला, तिकडे पाठवता येतं.

आता अक्षतांच्या त्या दोन सेकंदांबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमच्या सहाही लग्नांत तो फोटो फसलेला आहे. पत्रिकेवर १२ वाजून ३५ मिनिटं छापलेली असतात. शेवटचं 'सावधान' होतं, वाजंत्री एकदम उसळते, अंतरपाट दूर होतो आणि दोघं एकमेकांकडे बघतात. आपण त्या वेळी कुठे असतो? स्टेजच्या पुढच्या कडेला, दोघांच्या बरोबर मधे. त्यामुळे आपल्याला दोन कान मिळतात आणि गालावर लोंबणाऱ्या मुंडावळ्या. चेहरा दोघांनाही एकमेकांचा दिसतो, आपल्याला दिसत नाही. म्हणून तुम्ही नवऱ्याच्या खांद्यामागे जा, जोडीदाराला नवरीच्या मागे, मामांच्या शेजारी उभं करा. तुम्ही दोघं एकमेकांच्या फ्रेममध्ये येणार नाही अशा बेतानं जरा तिरके. गुरुजींना आदल्या दिवशीच विचारून ठेवा, अंतरपाट कुणीकडे ओढणार? हा प्रश्न विचारल्यावर बहुतेक गुरुजी खूश होतात आणि तुम्हाला उभं राहायला जागाही करून देतात.

अक्षता हवेत थांबलेल्या हव्या असतील तर शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली नको. १/६० ला त्यांच्या रेघा होतात. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ मारलात तर समोरून उडणारा प्रत्येक दाणा पांढरा गोळा होऊन चेहऱ्यावर बसतो, तुमच्या तीन फोटोंत तेच झालंय. फ्लॅश स्टँडवर, बाजूला, डोक्याच्या वर ठेवा. दुसरी अडचण स्टेजच्या एलईडीची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या प्रतीचे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला फोटोवर आडवे काळे पट्टे येतात, इलेक्ट्रॉनिक शटरला तर फारच. मेकॅनिकल शटर ठेवा, कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर ते चालू करा. बाकीच्या विधींना १/१०० किंवा १/५० वर काम भागतं. पण खरा उपाय मंडप-डेकोरेशनवाल्याशी बोलण्याचा आहे. स्टेजवरचे ते जांभळे-गुलाबी रंगीत दिवे (पार लाइट) मंगलाष्टका ते सप्तपदी एवढा वेळ बंद ठेवायला सांगा आणि साधे पांढरे दिवे चालू ठेवा. मुलीच्या वडिलांसमोर सांगितलंत तर तो ऐकतो. जांभळा झालेला चेहरा नंतर कॉम्प्युटरवर कितीही ओढलात तरी हळदीचा रंग परत येत नाही.

दिवसाच्या मांडवात वेगळंच. केशरी कापडाखाली सगळं गाव केशरी दिसतं. रॉमध्ये, म्हणजे रंग नंतर बदलता येतील अशा कच्च्या फाइलमध्ये, काढा, आणि सुरुवातीलाच कुणा आजोबांना त्यांच्या पांढऱ्या टोपीसकट नवरीच्या जागेवर उभं करून एक फोटो घ्या. नंतर त्या टोपीवरून पांढरा रंग जुळवायचा. कपड्याला नीळ असते, त्यामुळे अगदी अचूक होत नाही, पण हातासरशी होतं, आणि आजोबांचा फोटोही निघतो.

आहेराच्या रांगेला मात्र नाही म्हणू नका. ते फोटो लोकांना हवे असतात. तिथे ट्रायपॉड लावून जोडीदाराला उभं करा आणि तुम्ही खाली उतरा. त्या ३५ हजारांत काम करणाऱ्या मुलांपैकीच एखाद्या चांगल्या पोराला त्या दिवसापुरतं बोलवा. त्याला स्टेज नवं आहे, तुम्हाला रील नवं आहे. दोघांचंही काम होईल.

रेटबद्दल एक मधला मार्ग सुचवतो, तुमच्याच आकड्यांवरून. फक्त लग्नाचा एक दिवस, फक्त फोटो, लहान अल्बम, २५,००० रुपये. जोडीदाराचे ३,५००, अल्बमचे ४,५००, प्रवासाचे १,५००, एकूण ९,५००. तुमच्या हातात १५,५०० राहतात, म्हणजे दोन दिवसांच्या ४५ हजारांच्या ऑर्डरीपेक्षा जास्त. गावाकडे व्हिडिओ नको म्हणणारी घरं कमी आहेत, हे मला माहीत आहे. तरी घरगुती लग्नं, मंदिरात होणारी लग्नं, साखरपुडे, डोहाळजेवण, साठीशांत यांना हे बसतं. त्यांतली काही तर चातुर्मासातही असतात. २२ मोठ्या ऑर्डरींना अशा आठ लहान जोडल्यात तर वर्षाला सव्वा लाखाच्या जवळ वाढतात, कर्जाशिवाय.

आता कागद. एक पानी, मराठीत, दोघांच्या सह्यांचा. तारखा आणि तास, किती माणसं येणार, अल्बमची किती पानं, मुहूर्त पुढे गेला तर काय. पैसे तीन टप्प्यांत: तारीख पक्की करताना ३० टक्के, हळदीच्या सकाळी ४०, अल्बम छापायला टाकण्याआधी ३०. शेवटचा हप्ता अल्बम हातात देताना ठेवलात की तो अडकतो, हा तुमचाही अनुभव आहे. फोटो कुणाचे हेही त्यात लिहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्यांचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे इन्स्टाग्रामवर नमुना म्हणून टाकायलाही परवानगी लेखी असलेली बरी. मुलीला स्वतःला विचारा. सासरी गेल्यावर तिला तो फोटो गावभर फिरलेला नको असेल.

ही सगळी बोलणी त्या १५ मिनिटांतच होतात. ज्या घराने तुम्हाला आजीचं नाव सांगितलं, ते घर पैशांचा टप्पाही त्याच बैठकीत नीट ऐकून घेतं. फोटो फसणं आणि पैसे अडकणं या तुम्हाला दोन अडचणी वाटतात. तुमचं पत्र वाचून मला तरी वाटतं, दोन्ही त्या एका न झालेल्या बोलण्यातून आल्यात.

बायकोच्या म्हणण्यात राग नाही, हिशेब आहे, आणि महिन्याच्या १५ हजारांकडे बघता तिचं चुकत नाही. तिला हा कागद दाखवा. ती बारावीनंतर टॅली शिकली आहे असं तुम्ही ओघात लिहिलंय. पार्ट्यांकडून येणाऱ्या हप्त्यांची वही तिच्याकडे देता येईल का, तिला विचारा. जमलं आणि तिला आवडलं तर नवरीच्या खोलीतले, साडी नेसवतानाचे, बांगड्या भरतानाचे फोटो ती काढू शकेल, कारण तिथे तुम्हाला कुणी थांबू देत नाही आणि देऊही नये. पण तिला त्यात रस नसेल तर आग्रह करू नका, तिच्यावर आधीच घर आहे. पुण्याच्या नोकरीचा निर्णय दोघं मिळून पुढच्या तुळशीच्या लग्नापर्यंत लांबणीवर टाका आणि तेव्हा महिन्याला किती सुटले पाहिजेत तो आकडा आजच लिहून ठेवा. आकडा आला नाही तर नोकरी करण्यात काही कमीपणा नाही. कॅमेरा शनिवार-रविवारीही चालतो.

अडकलेल्या ४० हजारांचं शेवटी सांगतो, कारण ते उद्याच करता येईल. त्या दोन अल्बमांचं सिलेक्शन आलेलं नाही, बरोबर? तुम्ही प्रत्येकी दोन-अडीच हजार फोटोंचा पेनड्राइव्ह देऊन ठेवलात. एवढ्यांतून दीडशे निवडणं कुठल्याच घराला जमत नाही. सासरचे म्हणतात आमचे कमी आले, माहेरचे म्हणतात आमचे. तुम्हीच दीडशे निवडा आणि पानं जुळवून ठेवा. मग त्यांच्याकडच्या वयस्कर माणसांचे चार-पाच फोटो ४x६ मध्ये छापून घेऊन त्यांच्या घरी जा. ते फोटो तसेच द्या, त्यांचे पैसे नाहीत. पानं दाखवा, बदल लिहून घ्या. निघताना सांगा की शिल्लक आली की त्याच दिवशी अल्बम छापायला जाईल, आणि त्यांच्याकडूनच एक तारीख ठरवून घ्या.